फाटकाच्या आतली पाटी

मंडळी, लोणावळ्यात आमच्या शेजारच्या जुन्या बंगल्याला वारसा वास्तू म्हणून दुरुस्तीला सरकारी निधी मिळालाय, वर घरपट्टीत सूट. अट एवढीच, की दर रविवारी तो लोकांना बघू द्यायचा.

म्हणून आज गेलो. वॉचमनने फाटकातच अडवलं. "भाऊ, आज न्हाई जमायचं. पार्टी उतरलीया."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

"व्हय, तवा दुसरी पार्टी व्हती."

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाडीसाठी त्याने फाटक उघडलं आणि फाटकाला आतल्या बाजूने ठोकलेली पाटी दिसली: "दर रविवारी सर्वांना मोफत प्रवेश."

मालकाने पाटीचा फोटो काढून निधी देणाऱ्या सरकारी साहेबांना पाठवलाही असेल. तो बघून एकाही साहेबाला विचारावंसं वाटलं नाही, की पाटीमागे फाटकाच्या गजांतून बंगला दिसायला हवा, तिथे रस्ता कसा?