आजीचा हात

माझी आजी हाडं बसवायची. पडलेली, हातपाय मुरगळलेली माणसं आमच्या पुढच्या खोलीत ताटकळत बसलेली असायची. आजी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत हात चाचपायची आणि समोरचा हसायला लागला की नेमका झटका द्यायची. तिच्या आईकडून आलेली ही विद्या तिने मला शिकवली, कारण कुणी नुसतं विव्हळलं तरी काकाला घेरी यायची.

एकदा तिने शेजारच्या शिंपीणबाईंचं मनगट बसवलं, ते वाकडंच जुळलं. बाईंना पुन्हा धड कात्री धरता आली नाही. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण आजीने त्यानंतर कुणाच्या अंगाला हात लावला नाही. काका मात्र सगळ्यांना सांगायचा, वय झालं म्हणून थांबली.

आजी गेली आणि थोड्याच दिवसांत एक रंगारी सुजलेलं कोपर धरून दारात आला.

"बसा," काका म्हणाला. "आईचाच हात आहे हिचा."

मी कोपर चाचपलं. आत काय झालंय ते मला कळल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली.

"आधी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा," मी म्हणाले.

तो गेल्यावर काका म्हणाला, "आईचं नाव धुळीला मिळवलंस."

"काका, एकदा शिंपीणबाईंना भेटून ये."

तो गेला नाही. हल्ली मी जेवायला बसले की तो आपलं ताट उचलून आत जातो. आजीने कुणाची बाजू घेतली असती, हे मला अजून सांगता येत नाही.