मेमरी कुठं जाऊन राहिली?

“थांबा, आधी जागा बघू,” असं म्हणून मॅडम मॉनिटरवर तळहात ठेवायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग प्रोग्राममध्ये एक ओळ घालायच्या: कोअरलेफ्ट. मशीनमध्ये किती मेमरी मोकळी आहे, तो आकडा समोर यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, हिंगोलीत एसटी डेपोमागच्या क्लासमध्ये त्या आम्हाला ‘सी’ ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायच्या. साखऱ्याकडच्या तांड्यावरून रोज बसने यायच्या. न येणाऱ्या गोष्टीला सरळ ‘येत नाही’ म्हणणारे शिक्षक तुम्हीही क्वचितच पाहिले असतील. आमच्या मॅडम हातात खडू धरून म्हणायच्या, “हे मला बी कळून न्हाई राहिलं. या, मिळून डोकं खाजवू.” आम्ही खाजवायचो.

एकदा क्लासच्या मालकांनी हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी मॅडमकडून प्रोग्राम करून घेतला. माल आला की शेतकऱ्याचं नाव आणि वजन भरायचं. तो पसंत पडला तर मॅडमची नोकरी पक्की होणार होती. प्रोग्राम चालायचा, पण भरलेल्यातली जुनी नावं पुसली तरी मोकळ्या मेमरीचा आकडा वाढेना.

“घेतलेली जागा परत तर करून राहिले,” मॅडम म्हणाल्या. “मग जाती कुठं?”



व्यापारी आले. सगळं बराबर चाललं. एकाने सहज विचारलं, “दिवसभर चाललं तर मधीच अडकणार न्हाई ना?”

मालक “छे छे” म्हणेपर्यंत मॅडम बोलून गेल्या, “सांगता येत न्हाई. मेमरी कमी होऊन राहिली. काहून, ते मला अजून कळलं न्हाई.”

व्यापारी चहा पिऊन निघून गेले. “काहून बोललात, मॅडम?” मालक एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात मॅडमच्या जागी नवे सर आले.

बऱ्याच वर्षांनी मला उमगलं: तो आकडा फक्त मेमरीतल्या शेवटच्या, वापरात असलेल्या तुकड्यापुढची जागा मोजायचा. मधली परत केलेली जागा मोकळीच असायची, मोजणीत मात्र यायची नाही. प्रोग्राम बहुधा ठीकच होता. पण हे मॅडमना कुठं कळवावं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते डेपोत. त्यांच्या तांड्याकडं जाणारी सेनगावची बस सुटत होती. खिडकीतून त्यांनी मला काहीतरी विचारलं. इंजिनाच्या आवाजात शब्द पोचले नाहीत. मी गोंधळून मान डोलावली. त्या हसल्या आणि बस वळली. मी कोणत्या प्रश्नाला ‘हो’ म्हणालो, ते मला आजही माहीत नाही.