नायिकेची चतुःसीमा

आमच्या इवायांइतका खोटं बोलायला नालायक माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि नेमकी त्यांनाच कादंबरी लिहायची आहे! इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मंगरूळपीरला माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतात. मुलगी त्यांच्या घरात दिलेली, म्हणून संताप गिळावा लागतो. तलाठी होते तोवर म्हणायचे, "एकदा रिटायर होऊ द्या, मंग पाहा मी कशी कादंबरी लिवतो ते." झाले रिटायर. पाहतोय.

पहिल्या प्रकरणात नायिका विहिरीवर उभी आहे. ठीक. पण कुठल्या विहिरीवर? तर पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण रस्ता, उत्तरेस नायिकेच्या चुलत्याचं शेत, दक्षिणेस बाभूळ एक, वाळलेली. ही चतुःसीमा संपेपर्यंत दीड पान झालं आणि ती बिचारी घागर घेऊन तशीच ताटकळत! मी वैतागून म्हणालो, "इवाईबुवा, पोरगी दिसाले कशी हाय, तेवढं तरी सांगा ना." ते गंभीरपणे म्हणाले, "सुंदर असल्याचं गावकऱ्यांच्या सांगण्यावरून समजते. मी सोता कुठं पाह्यली?"

पुढे नायक तिचा हात धरतो. तिथे पंच दोन! "कोणी पाह्यलंच नाही, तर धरला कशावरून?" हा त्यांचा सवाल. त्या दोन पंचांतला एक मी. वय वर्षं अडुसष्ट, गुडघे गेलेले, आणि दुसऱ्याच्या प्रेमप्रकरणात बाभळीखाली उभा! वर 'मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे' म्हणून सही घेतली. आमच्या घरून लगेच विचारणा झाली, "तुमी तिथं कायले गेलते?"

शेवटचं प्रकरण मात्र वर्षभर अडून होतं. नायिका शेतात निंदायला जाते, आभाळ भरून येतं, आणि तिथेच इवायांचा पेन थांबे. मी एकदा फणकारलो, "लिवा ना काहीतरी! काहून अडून राह्यले?" तेव्हा खाली बघत बोलले. नोकरीत असताना किन्हीराजाकडच्या एका बाईचा पंचनामा त्यांनी केला होता. निंदता निंदता वीज पडली होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तिची भाकर फडक्यात बांधलेली तशीच होती. "जे होतं ते लिवलं, इवाई. दुसरं लिवाची सोयच नव्हती." ती सोय करून घ्यायलाच कादंबरीचा सगळा खटाटोप होता. मला माझ्याच चिडण्याची लाज वाटली.

परवा त्यांनी शेवटचं पान वाचून दाखवलं. दिशा नाहीत, पंच नाहीत. 'वीज कुठेतरी लांब पडली. ती घरी आली.' वाचून झाल्यावर ते चोरी पकडली गेल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले.

मी विचारलं, "जेवली का मंग?"

"बसली हाये ना," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आता वाढून राह्यलो."