चार सेकंदांची वही

मला ऑटोला हात दाखवणंसुद्धा नीट जमत नाही. ऑटो आपणहून थांबला तर बसते, नाहीतर चालत जाते. त्यामुळे कॉलनीच्या बैठकीत आईनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण मी एरवीही कमीच बोलते.

काम होतं वही लिहायचं. आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता जरीपटका वस्तीकडून येतो. पुढचा सिग्नल चुकवायला सगळे तोच धरतात. सकाळी बुटीबोरीला कामगार नेणाऱ्या कंपन्यांच्या बसेस, शाळेच्या व्हॅन, उशीर झालेले बाइकवाले, सगळे तिथून सुसाट जातात. रस्त्याच्या पलीकडे विहार आहे आणि अलीकडे आम्ही.

या सगळ्याला सुरुवात झाली सिस्टरकाकूंमुळे. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि रोज विहारात मुलांकडून वंदना म्हणून घेतात. दिवाळीच्या आधी एका बाइकचं हँडल त्यांच्या कोपराला लागलं. हाड वाचलं, पण त्यांच्या मुलानं एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही असं बजावलं. तेव्हापासून पांढऱ्या साडीतल्या काकू गेटपाशी उभ्या राहायच्या आणि पलीकडे जाणारं कोणी दिसलं की त्याचा हात धरायच्या. कधी तो हात माझा असायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना हाताला धरून उठवलेल्या बाईला हे किती लागत होतं, ते त्यांच्या बोटांवरून कळायचं. पकड घट्ट असायची, पण नजर सरळ समोर, जणू मीच त्यांच्या आधारानं चालले आहे.

स्पीड ब्रेकर आणि पांढरे पट्टे मागायला कॉलनीतली मंडळी महापालिकेच्या ऑफिसात गेली, तर तिथल्या साहेबांनी पुरावा मागितला. आठवडाभर गाड्यांची नोंद करून आणा, मग बघू. वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं असणार? उपाय काकूंनी काढला. रस्त्यावर एकमेकींपासून पन्नास मीटरवर चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा मारायच्या. पहिली रेघ ओलांडली की मोजायला सुरुवात. दुसरी रेघ चार सेकंदांच्या आत आली तर गाडी वेगात, वहीत नंबर. मोजायला काकूंचं मनगटी घड्याळ होतं, ज्यावर त्यांनी तीस वर्षं पेशंटची नाडी मोजली होती. कोणीतरी मोबाइल पुढे केला तर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे गार्डकाका. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. त्यांनी हे काम अंगावर घेतलं आणि आमच्याकडे कुठलंही काम जसं सुरू होतं तसं सुरू केलं. नारळ फुटला. दोन विजेच्या खांबांमध्ये बॅनर लागला, त्यावर गाड्या हळू चालवा असं लिहिलेलं आणि बाजूला हात जोडलेले गार्डकाका. सकाळी आठला ते स्वतः पहिल्या रेघेवर उभे राहिले, तोंडात शिटी आणि हातात त्यांची जुनी लाल झेंडी. गाडी हळू करायची म्हटल्यावर झेंडी पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी आणि काकू फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. हातात काही लिहायचं असलं की माझ्याशी कोणी बोलत नाही, हा माझा शाळेपासूनचा अनुभव आहे, म्हणून मी वही छातीशी धरून होते. बसेस आल्या. झेंडी पाहून ब्रेक लागले. व्हॅन आल्या, त्याही रांगत गेल्या. एक बाइकवाला तर चक्क उतरून, काय झालं काका, म्हणून विचारून गेला. दोन तासांत वहीत एकही नंबर पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गार्डकाकांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशीही तेच. वही कोरी आणि सगळे खूश.

मला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुसरी रेघ संपली की प्रत्येक गाडी असा वेग घ्यायची, जसं वर्गातून सर गेल्यावर मुलं उठतात. शिवाय गाड्या हळू जातात असंच वहीतून दिसत होतं. ती वही साहेबांनी पाहिली असती तर आमचा रस्ता शहरातला सर्वांत शहाणा रस्ता ठरला असता. हे बोलायला हवं होतं. पण बॅनरवर काकांचा फोटो होता, चहा त्यांचा होता आणि मी मी होते. मी वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: झेंडीपर्यंत हळू, नंतर पुन्हा वेगात. एवढंच.

तिसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर, काका अजून रेघेवर असतानाच, काकूंना विहारात सोडायला निघाले. आम्ही दुसऱ्या रेघेच्या पुढून रस्ता ओलांडत होतो. नुकतीच झेंडीला नमस्कार करून गेलेली बाइक आमच्या इतक्या जवळून गेली की काकूंचा पदर उडाला. त्या पलीकडे विहाराच्या पायरीवर बसल्या आणि माझ्या हातातली वही मागितली. त्यांनी पानं उलटली, समासातली पेन्सिल वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुले पहिल्याच दिवशी दिसलं होतं? मग बोलली काहून नाही वं?"

कोणी विचारलं नाही, असं मी म्हणाले. ते खरं होतं, पण ऐकताना मलाच फार तोकडं वाटलं.

त्यांनी सुटका केली नाही. गार्डकाकांना मीच सांगायचं, त्या फक्त शेजारी उभ्या राहणार. संध्याकाळी मी काकांच्या अंगणात उभी राहून, चपलांकडे बघत, एका दमात सांगितलं: तुम्ही दिसता म्हणून गाड्या हळू जातात, आणि गाड्या हळू जातात म्हणून ब्रेकर मिळणार नाही. काकांनी एवढंच विचारलं की बॅनरही काढायचा का. बॅनरही, असं मी म्हणाले. त्यांनी झेंडी काठीभोवती गुंडाळली, अगदी ड्यूटी संपल्यावर गुंडाळत असतील तशी, आणि आत गेले.

चौथ्या दिवसापासून आम्ही इस्त्रीवाल्याच्या टपरीआड बसलो. समोर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, त्याच्यामागे काकूंचं घड्याळ. काकू ओठांतल्या ओठांत मोजायच्या, चार व्हायच्या आत रेघ आली की कोपरानं मला ढोसायच्या, मी नंबर लिहायची. पहिल्या अर्ध्या तासातच पान भरलं. इस्त्रीवालाही खूश होता. अमुक बसचा ड्रायव्हर आपलं उधारीचं गिऱ्हाईक आहे, त्याचाही नंबर लिहा, म्हणाला.

गार्डकाकांना आता उभं राहायला काम नव्हतं, म्हणून ते आमच्यासाठी नाश्ता आणायला गेले. साडेनऊला काकूंचं कोपर नेहमीपेक्षा जोरात लागलं. मी वर पाहिलं तर रस्त्यावरून काकांची स्कूटर येत होती, पुढच्या हुकला तर्रीचा स्टीलचा डबा लटकलेला. मोजणी तीनवरच संपली होती.

मी पेन उचललं नाही. काकू म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं. काका पोह्यांच्या पुड्या सोडत सांगत होते की गरम गरम खा, इतक्या लांबून आणलं पण थेंबभर तर्री सांडली नाही. रोजच्या पानावर अध्यक्षांची सही लागायची. मी वही पुढे केली आणि पोह्यांत बघत राहिले. ते वाचत वाचत स्वतःच्या नंबरापर्यंत आले आणि थांबले.

"हे पोहे थंडे होऊन राहिले होते म्हणून," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "घड्याळ बरोबर आहे ना सिस्टर?"

"याच घड्याळावर तुमच्या पोराची नाडी मोजली होती टायफॉइडात," काकू म्हणाल्या. "तेव्हा नाही विचारलं."

काकांनी सही केली. नेहमीपेक्षा ठळक केली, असं मला वाटलं. आठवड्याच्या शेवटी वही घेऊन ऑफिसात तेच गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या मंडळींनी सांगितलं की साहेब पानं चाळत होते तेव्हा काकांनी स्वतःच्या नंबरावर बोट ठेवलं. म्हणाले, मी चाळीस वर्षं झेंडी दाखवली साहेब, आणि तरी माझं हे असं आहे. बाकीच्यांचं काय सांगू.

दोन-तीन महिने आम्ही चकरा मारल्या. मग एका सकाळी डांबराचा वास आला आणि दुपारपर्यंत ब्रेकर झाला. पट्टे नंतर मारले, थोडे वाकडे.

पट्टे वाळले त्या संध्याकाळी काकू गेटपाशी उभ्या होत्या. मी सवयीनं हात पुढे केला. एक बस ब्रेकरवर डुलत थांबली, तिच्यामागे गार्डकाकांची स्कूटर, पाय टेकून.

"हात सोड वं," काकू म्हणाल्या. "मी जाऊन राहिली."

त्या गेल्या. घाई न करता, एकेक पट्टा ओलांडत. मधेच थांबून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. किती वेळ लागतो ते बघत असाव्यात. मी मनात मोजत होते. बस चारपेक्षा खूप जास्त वेळ थांबली आणि कोणी हॉर्न वाजवला नाही.

मग मला पलीकडच्या दुकानातून दूध आणायचं आठवलं. बस निघून गेली होती, पण काका अजून स्कूटरवर पाय टेकूनच होते. मी त्यांना हात दाखवला, थांबा म्हणून, आणि रस्ता ओलांडला.