पिशवीतली लेकरं

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला बहुतेक कर्मचारी गेलेले. त्यात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून गावोगाव धुमसत होती.

दुपारी मेडशीकडच्या एका गावाच्या पोलीस पाटलांचा फोन आला. एसटीत गावातलीच एक बाई फोनवर बोलत होती, ते शेजारच्या प्रवाशानं ऐकून त्यांना सांगितलं होतं.

"‘लेकरायले कालपासून उपाशी ठेवलं हाये, पिशव्यायत भरून तोंड पक्कं बांधजा, डब्यात अंधार पाह्यजे, मंग गडबड करत नाहीत, उद्या इमानात टाकाचे हायेत,’ असं बोलली ते. अन् साहेब, तिले सोताचं लेकरूच नाही. मी तिले ग्रामपंचायतीत बसवलं हाये. लोकं चिडले हायेत, लवकर या."

स्टेशन डायरीला नोंद घेतली. ड्रायव्हर, एक महिला अंमलदार आणि मी निघालो.

ग्रामपंचायतीच्या दाराशी शे-दीडशे लोक होते, काहींच्या हातात काठ्या. आत ती बाई निवांत बसलेली. गुन्हेगार घाबरतो, नाहीतर जास्त बोलतो. ही दोन्ही करत नव्हती, म्हणून मलाच भीती वाटू लागली.

"लेकरं कुठे आहेत?"

"घरी. अकोल्याचा माणूस भरून राह्यला."

"सगळी जिवंत आहेत?"

"एक परवा मेलं. बाकीचे बरे हायेत."

जबाब लिहिणाऱ्या महिला अंमलदाराचा हात थांबला.

"मेलं त्याचं काय केलं?"

"अंगणातल्या तुयशीपाशी पुरलं."

"कशानं मेलं?"

"शेपटीले बुरशी लागली होती, साहेब."

अंमलदारानं मान वर करून विचारलं, "ताई, लेकरं म्हणजे?"

"मासे. रंगीत मासे हायेत माहे. तुमाले काय वाटलं?"

नवरा मस्कतला नोकरीला, ही कायमची तिकडे निघालेली. मासे मागे ठेवायला मन धजेना. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना उपाशी ठेवतात, पिशवीत ऑक्सिजन भरतात, डबा बंद करतात. हे काम करायला तिनं अकोल्याचा माणूस बोलावला होता. ती सांगत होती आणि माझ्या ध्यानात आलं की बाहेरचा गलका बंद झालाय. लेकरं घरी आहेत, हे दारातून ऐकून लोक तिच्या घराकडे गेले होते.

जीप गल्लीत शिरेना. आम्ही पळतच गेलो. दार मोडलेलं, अकोल्याचा माणूस अंगणात पडलेला, कपाळातून रक्त वाहत होतं. जमावातल्या एकानं त्याच्या डोक्यात घालायला दगड उचलला होता. मी अकोल्याच्या माणसापुढे आडवा होऊन ओरडलो, "मासे आहेत ते, मासे!"

"मासे कोनी इमानानं नेते का? पोलीस मिळालेला हाये!"

आता आम्ही दोघंही वाचत नाही, असं मला खरोखर वाटलं. तेवढ्यात आमच्या मागून आलेली ती बाई गर्दीतून वाट काढत घरात गेली आणि फुगलेली एक पिशवी घेऊन आली. तिनं ती दगडवाल्याच्या तोंडासमोर धरली. "पाह्य. माहं लेकरू पाह्य."

आत पिवळा मासा फिरत होता. दगड खाली आला. मागून कोणीतरी हसलं आणि मग सगळा जमावच हसायला लागला. दगडांपेक्षा त्या हसण्याची मला जास्त भीती वाटली. घटकाभरापूर्वी हीच माणसं खून करणार होती.

अफवेत ध चा मा होतो, असं आपण म्हणतो. इथे तसंही काही झालं नव्हतं. प्रवाशानं ऐकलेला शब्द न् शब्द खरा होता. खबर खरी असली म्हणून गुन्हा खरा असतोच असं नाही, हे त्या दिवशी शिकलो, आणि पुढे प्रत्येक खबरीला एक प्रश्न जास्त विचारत गेलो.

मासे मस्कतला सुखरूप पोचले, असा बाईचा निरोप आला. अकोल्याच्या माणसाचा जबाब मी दवाखान्यात घेतला. कोणी मारलं, हे त्यानं सांगितलं नाही. दगड उचलणारा त्याच्यापासून हातभरावर होता, तरी त्याचंही नाव घेईना. सरकारतर्फे मीच फिर्याद दिली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुमची बदली होते. मले याच गावायत फिराचं हाये."