विर्ताच्या दहा पट्ट्या

बालीतल्या देनपसारच्या भंगारबाजारात नेंगा केर्ती तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला, तेव्हा दुकानदार चाक बुनारीनं हातातला कॉफीचा पेला खाली न ठेवताच विचारलं, "काका, आज नेणार, की पुन्हा नुसतं दर्शन?"

दर्शनच होतं ते, खोटं कशाला बोला! फळीवर, दोन मेलेल्या टीव्हींच्या मधे महाराज बसले होते. करड्या रंगाचा जपानी ऑसिलोस्कोप. तळहाताएवढा हिरवट पडदा, त्यावर बारीक चौकटी, शेजारी बटणांची गर्दी. दोन बटणं गळालेली, धूळ बोटभर. आवाज ऐकायचा नाही, बघायचा, असं ते यंत्र. एकावन्न वर्षांपूर्वी केर्तीच्या शाळेत असाच एक काचेच्या कपाटात असायचा. मास्तर वर्षातून एकदा बाहेर काढत आणि पोरांनी हात पाठीशी बांधून बघायचं. पोरं बघून जेवायला पळत. केर्ती रिकाम्या कपाटासमोरसुद्धा उभा राही.

पुढं त्यानं क्लुंगकुंगच्या बाजारात चाळीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, ते एक मीटर आणि दोन कान यांच्या जोरावर. ऑसिलोस्कोप घेण्याची ऐपत आली तेव्हा गरज संपली होती. आणि आता सत्तरीला टेकल्यावर अशी गरज आली होती, की त्याला झोप लागत नव्हती.

"केवढ्याला?"

"बाराच लाख. तुम्हाला म्हणून."

"बारा लाख रुपिया? याच्या आत उंदराचं घर असेल."

"मग उंदराचं भाडं वेगळं. काका, आता हे सगळं फोनमध्ये होतं. हा डबा घेतो कोण?"

"मग बारा लाख सांगतोस कुणासाठी?"

"जो तीनदा येऊन बघून जातो, त्याच्यासाठी," बुनारी म्हणाला आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की कॉफी सांडली. नऊ लाखांवर सौदा ठरला. वर दोन वायरी त्यानं फुकट दिल्या. केर्तीनं डबा मांडीवर घेतला आणि बेमोत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, जागा मोकळी असूनही गावापर्यंत तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

आता गरज कसली, ते सांगायला हवं.

केर्ती आणि केतूत विर्ता या दोघांनी तरुणपणी मिळून गेंदेरची एक जोडी घडवून घेतली होती. गेंदेर म्हणजे काशाच्या दहा पट्ट्या, खाली बांबूच्या नळ्या, वाजवायला दोन हातांत दोन लाकडी ठोके. छायाबाहुल्यांचा खेळ असला की दोन वादक समोरासमोर बसतात. एक गेंदेर केसभर उतरता, दुसरा केसभर चढा. दोन्ही एकदम वाजले की त्या केसाएवढ्या फरकातून आवाज थरथरतो, श्वास घेतो. तो थरार नसेल तर वाजतं ते भांडं. विर्ताचा गेंदेर उतरता, केर्तीचा चढा. आठ वर्षं दोघं बसले. त्या काळी लोक बाहुल्यांकडे पाठ करून या दोघांचे हात बघत, असं अजून सांगणारे आहेत.

मग १९८१ साली सरकारनं सुलावेसी बेटावर जमीन वाटली. विर्ता बायको घेऊन पारिगीला गेला. जाताना जोडीतला आपला गेंदेर घेऊन गेला. "दोन पिकं काढतो आणि येतो," म्हणाला. बेचाळीस वर्षं पिकं निघत राहिली. गावात खेळ असला की शेजारच्या गावची जोडी यायची आणि केर्ती कडेला बसून दुसऱ्यांचे हात बघायचा. त्याचा एकटा गेंदेर कापडाखाली. एकट्यानं वाजवून बघितला नाही असं नाही, पण समोरच्या रिकाम्या चटईकडे बघत किती वेळ वाजवणार?

गेल्या वर्षी विर्ता गेला. दहा दिवसांपूर्वी त्याची मुलगी आरिनी बोटीनं विर्ताचा गेंदेर घेऊन आली. "बाबांनी शेवटी सांगितलं होतं, हा केर्तीला पोचवा," एवढंच ती बोलली. समुद्र ओलांडून आलेलं वाद्य नैवेद्याआधी वाजवायचं नाही, म्हणून तिच्यासमोर कुणी ठोका उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ती परतीच्या बोटीला गेली. तिसऱ्या दिवशी फुलं वाहून केर्तीनं दोन्ही गेंदेर समोरासमोर मांडले, डाव्या हातानं हा आणि उजव्या हातानं तो वाजवला.

थरार नव्हता. भांडं वाजलं.

आधी त्याला वाटलं, आपले कान गेले. टीव्हीच्या शिट्टीत चाळीस वर्षं घालवलेले कान ते. म्हणून त्यानं रुक्माला बोलावलं. रुक्मा गावचा कासार. ही जोडी त्याच्याच बापानं ओतलेली. रुक्मानं विर्ताच्या पट्ट्या उलट्या केल्या आणि तोंड वाकडं केलं.

"टोकं घासलीत कुणीतरी. टोक घासलं की स्वर चढतो. तिकडचा एखादा शाळामास्तर असणार, पेटीवर सूर लावून 'दुरुस्त' केलं असेल गाढवानं."

"विर्तानं करू दिलं?"

"बेचाळीस वर्षं, दादा. माणूस स्वतःचं घर विसरतो. दे माझ्याकडे. मधोमध खरवडतो, परत उतरवतो. महिन्याभरात मंदिराचा उत्सव आहे. या वेळी खेळाला आपलीच जोडी बसवू."

केर्तीनं दिला नाही. विर्ता विसरला, हे त्याच्या घशाखाली उतरेना. आरिनीला फोन करून विचारावं, तर ती काय सांगेल याचीच भीती. रुक्माची खरवडणी एकदा फिरली की विर्तानं काय केलं, काय नाही, याचा शेवटचा पुरावा भुशात जाणार होता. आणि पुरावा तपासायला कानांचा भरवसा नव्हता. म्हणून ऑसिलोस्कोप.

घरी बायकोनं, रास्मिननं, डब्याकडे बघितलं.

"सुआर्तीचे बाबा, हे काय आणलंत? अजून एक आजारी?"

"आवाज दाखवतो."

"माझा आवाज इतकी वर्षं ऐकू आला नाही, तो आता बघणार?" असं म्हणून तिनं डब्यावर फडकं टाकलं. "चार दिवसांवर तुम्पेक लांदेप आहे. लोखंडाची, हत्यारांची पूजा झाल्याशिवाय हे घरात सुरू करायचं नाही. तुमची मोटारसायकल, माझा विळा आणि हा. तिघं एका रांगेत."

चार दिवस! एकावन्न वर्षं थांबलेल्या माणसाला ते चार दिवस निघेनात. त्यानं झाकण उघडलं, ब्रशनं धूळ काढली, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, बटणांच्या खाचांत औषध फवारलं. उंदीर नव्हता, पण पालीचं एक अंडं निघालं. पूजेच्या सकाळी रास्मिननं केळीच्या पानावर भात, फुलं, उदबत्ती मांडली आणि तीर्थाचं भांडं उचललं.

"अगं, पाणी नको! आत दोन हजार व्होल्ट असतात!"

"बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मग देवाला काय भीती आणि तुम्हाला काय?" तिनं तीन थेंब शिंपडले. चौथा मुद्दाम केर्तीवर.

दुपारी त्यानं वायरच्या वाटेत शंभरचा बल्ब जोडला. जुन्या यंत्रात कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. बटण दाबलं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. आत काहीतरी उबेला लागलं. जळक्या धुळीचा आणि तापत्या काचेचा वास आला, त्याच्या दुकानाचा वास. पडदा मात्र काळा.

"गेला का?" रास्मिननं दारातून विचारलं. आता तिलाही उत्सुकता होती.

"थांब. रेघ असते. पडद्याबाहेर कुठंतरी असते, शोधायची असते." त्यानं वर-खाली सरकवायचं बटण हळूहळू फिरवलं. खालून, विंगेतून पाऊल टाकावं तशी, एक हिरवी रेघ वर आली आणि मधोमध येऊन उभी राहिली.

रास्मिन आत आली. तिनं दिवा मालवला, रेघ नीट दिसावी म्हणून.

केर्तीनं आपल्या गेंदेरच्या एका पट्टीखाली बझरमधली, थरथर पकडणारी पितळी चकती चिकटवली, तिची वायर पहिल्या खाचेत घातली आणि ठोका मारला. रेघ उठली, लाटा झाल्या, लाटा लहान होत होत निजल्या. पुन्हा मारला. वरची रेघ नाचत होती. तिच्याखाली त्यानं दुसऱ्या खाचेची रेघही आणली होती, तिला काही जोडलेलं नव्हतं. ती सपाट पडून होती. केर्ती बराच वेळ खालच्या रेघेकडेच बघत राहिला.

मग त्यानं विर्ताच्या पट्टीलाही चकती लावली आणि यंत्राचा एक खटका फिरवला. आता एक आवाज उजेडाला आडवा हलवणार, दुसरा उभा, आणि दोन्हींचं मिळून पडद्यावर एक कडं होणार. स्वरांत केसाचाही फरक असला तर कडं कोलांट्या खातं. फरक नसला तर जागच्या जागी उभं राहतं.

पहिली पट्टी. कडं उभं राहिलं, लहान होत गेलं, ठिपका झालं. फिरलं नाही.

दुसरी. तेच. तिसरी, चौथी, तेच. शाळामास्तरचं काम इतकं बारीक? केर्ती चकत्या पुढं सरकवत गेला. सातव्या पट्टीशी तो थबकला. ही त्याची खोडकर पट्टी. पंचाहत्तर साली तडकली होती, रुक्माच्या बापानं नवी ओतली, पण ती कायम जराशी चढी राहिली. विर्ता तिला "तुझी सासू" म्हणायचा. कुणी पेटीवर सूर लावला असता तर विर्ताची सातवी सरळ झाली असती, आणि इथं कडं भोवऱ्यासारखं फिरलं असतं.

त्यानं दोन्ही ठोके एकदम मारले.

कडं उभं राहिलं. हललं नाही. सासूसुद्धा!

केर्तीनं ठोके खाली ठेवले. सातव्या पट्टीची खोड नेमकी केवढी, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक इथं बसला होता. त्यानं फोन उचलला आणि आरिनीला लावला.

"पोरी, बाबांचा गेंदेर कोण वाजवायचं गं?"

"कुठला काका? बाबांचा तर इथंच आहे. मी वाजवते."

"मग तू मला आणून दिलास तो?"

"तो तुमचा ना! बाबा तो समोर मांडून ठेवायचे. गावाहून आणलेला तो त्यांनी पहिल्याच वर्षी घासून घासून तुमच्या स्वरात लावला, आई सांगायची. वाजवून बघायचे, 'अजून केर्ती झाला नाही' म्हणायचे, परत घासायचे. एका पट्टीवर तर आठ दिवस. मग स्वतःसाठी त्यांनी इथल्या कासाराकडून नवा करून घेतला. आम्ही लहानपणी त्या समोरच्या जागेवर बसलो की ओरडायचे, 'ऊठ, ती केर्तीची जागा आहे.' मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

केर्तीनं फोन कानावरून खाली घेतला. आरिनी तिकडून "काका? काका, आहात ना?" करत राहिली. शेवटी रास्मिननं फोन घेतला आणि म्हणाली, "आहेत गं. डोळे पुसतायत. तू कशी आहेस?" मग केर्तीनं फोन परत मागितला. विर्तानं स्वतःसाठी करून घेतलेल्या गेंदेरच्या दहाही पट्ट्या एकेक वाजवून, आवाज भरून पाठव, असं त्यानं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रुक्मा खरवडणी आणि कानस घेऊन हजर झाला. उत्सवाला एकोणीस दिवस उरले होते.

"झालं का तुझं नाटक? दे विर्ताचा गेंदेर."

केर्तीनं आपला गेंदेर पुढं सरकवला.

"हा नव्हे. तो."

"हाच. याला उतरव. विर्ता कर याचा."

रुक्मानं खरवडणी खाली ठेवली. "दादा, उन्हात बसला होतास का? माझ्या बापानं ओतलेला स्वर आहे हा. तुझा स्वर. एकदा खरवडला की गेला."

"जात नाही. माझा स्वर त्यानं नीट ठेवलाय." केर्तीनं विर्ताच्या गेंदेरवर हात ठेवला. "याला कुणी हात लावायचा नाही. उत्सवाला यावर तू बस. आठ वर्षं माझं ऐकून तुला सगळं पाठ आहे, नाही म्हणू नकोस. मी विर्ताच्या जागेवर बसतो."

"आणि उतरवायचा किती? विर्ताच्या स्वराचं माप कुठंय?"

केर्तीनं फोन दाखवला. फोनमधून निघालेली वायर एका खाचेत गेली होती. आरिनीनं पाठवलेली पहिली पट्टी वाजली, केर्तीनं आपली पहिली वाजवली, आणि पडद्यावरच्या कड्यानं कोलांट्या खायला सुरुवात केली. भराभर, खेळात आलेल्या पोरासारख्या. रुक्मा वाकून बघत राहिला. थोरल्या भावानं सांगितल्यावर ऐकावं तसं त्यानं पट्टी उलटी घेतली आणि मधोमध खरवडणी फिरवली. काशाचा पिवळा भुसा चटईवर पडला.

पट्टी पुन्हा टांगायची, वाजवायची, बघायचं, काढायची, खरवडायची. सहा कोलांट्या होत्या, त्यांच्या पाच झाल्या. चार. तीन. कडं आता सावकाश कूस बदलत होतं.

"थांब," केर्ती म्हणाला.

"अजून जरासं राहिलंय. दिसतंय की."

"दिसतंय. जरा थांब. याच्यापुढं ती माझी राहणार नाही."

त्यानं ठोका उचलला आणि पट्टी एकदा वाजवली. फोन नाही, यंत्राकडे बघणं नाही. आवाज विरेपर्यंत मान खाली घालून बसला. विरल्यावर त्यानं पट्टी काढली आणि रुक्माच्या हातात दिली.

"हं. खरवड."