अप्पांनी जुळवलेलं यंत्र
रॉकेलचा वास आला की निजामाच्या राजवटीतलं आमचं चिटगुप्प्याचं घर आठवतं. अप्पा सुतार होते, मी त्यांची एकुलती मुलगी; लाडानं ते मला अक्का म्हणत. घरीच कारखाना थाटायचा म्हणून त्यांनी बंद पडलेल्या गिरणीतून लाकूड कातायचं जुनं यंत्र आणून ओसरीत ठेवलं. दोन वर्षं ते एकेक भाग रॉकेलमध्ये भिजवून गंज काढत आणि बोटांनी चाचपून बसवत. आम्हाला वाटे, हा हाताचा सराव. अखेर पट्टा चढला. मी सागाचा तुकडा लावून दिला, अप्पांनी पायाखालची फळी दाबली आणि चाक घरघरत फिरू लागलं. आई कौतुकानं बघत होती. अप्पांनी पटाशी पुढं केली, ती हवेतच राहिली. "लाकूड लावलंस का न्हाई गं?" त्यांनी विचारलं. लाकूड त्यांच्यासमोरच फिरत होतं. आईनं तोंडाला पदर लावला. "कामून सांगितलं न्हाई वो?" "यंत्र चालू होईस्तोवर तरी दिसंल वाटलं," अप्पा म्हणाले आणि पटाशी माझ्या हातात दिली. मी कसंबसं एक लाटणं कातलं. त्यावरून सावकाश बोटं फिरवून ते म्हणाले, "बेस झालंय, अक्का." तेव्हा मला ते खरंच वाटलं, त्यांच्या बोटांना त्यातली प्रत्येक खाच लागली असणार, हे आता कळतं.